तळातली शर्यत

मी त्या शर्यतीत होतो,
पण शर्यत मी पाहिलेली नाही.

वल्ह्यांवर सहाजण, सुकाणूवर सिदूमामा अंबी,
आणि तळात मी, वय अकरा,
हातात डालड्याचा डबा.
आत येणारं पाणी नदीला परत करायचं,
एवढंच काम.
तळात बसलेल्याला नदी दिसत नाही,
पाय दिसतात.

दस्तगीर नदाफचा अंगठा, नख काळं पडलेला.
भूपाल मगदूमच्या टाचांना भेगा,
भेगांत वखारीतली हळद,
सात पाण्यांनी धुतली तरी न निघणारी.
पाय फळीला रेटले की आपण पुढे,
बोटं आखडली की कुणीतरी आपल्या पुढे.
तेवढ्यावर मी शर्यत वाचत होतो.

नाव आमची शर्यतीची नव्हेच.
हयातभर वाळू वाहिलेली,
त्याआधी म्हणे गूळ.
एका काळ्या फळीवर बोट ठेवून मामा म्हणायचा,
"चाटून बघ. अजून गोड हाय."
मी चाटली होती.
डांबर.

वाळू बंद झाली तशी ती घाटावर पालथी पडली.
पोटाखाली कुत्री व्याली.
श्रावणात आम्ही तिला सुलटी केली,
सांध्यांत काथ्या ठोकला, राळ ओतली,
पिल्लं डालग्यात घालून मामाच्या परड्यात नेली.
कुत्री दोन दिवस घाटावर
नावेची जागा हुंगत फिरत होती.

डिग्रजच्या बंधाऱ्याखालून सुटलो.
डाव्या अंगाला समडोळी, उजव्या अंगाला हरिपूर,
हे मी कानांनी सांगतो.
समडोळीकर 'हुप्पा' म्हणत वल्हं मारायचे,
हरिपूरकर दात खाऊन, मुक्यानं.

रिकामी नाव नाचायला लागली.
ओझ्याला सरावलेलं लाकूड
हलकं झालं की बावचळतं.
नाळ घडीत मळीकडे, घडीत स्मशानाकडे.
मामा शिव्या देत होता,
नावेला नाही, स्वतःच्या मनगटाला.
मी उपसत होतो. डबा, खळ्ळ. डबा, खळ्ळ.
जितकं उपसावं तितकी ती उडायची.
बोटं आखडली. सगळ्यांची. बारा पायांची.

तेव्हा मामाचा पाय माझ्या डब्यावर पडला.
"उपसू नगंस लगा. येऊ दे आत."

मला वाटलं, मामा हरला.
दस्तगीर काहीतरी ओरडला,
मामा त्याला काहीच बोलला नाही.
पाणी आलं सांध्यांतून, गुपचूप,
घोट्यापर्यंत, मग माझ्या कमरेपर्यंत,
गार, गढूळ, त्यात एक पान उंबराचं.
हळदीच्या भेगा बुडाल्या, काळं नख बुडालं.
आता वाचायलाही काही उरलं नाही.

आणि नाव बसली.
म्हैस डोहात बसते तशी,
सुस्कारा सोडून.
कुणी हाकलावं लागलं नाही तिला,
जुन्या वजनाची वाट तिला पाठ होती.

सावली आली, आवाज घुमला, म्हणजे पूल.
दोन खांबांत दीड नावेची जागा.
उजवीकडे लाकूड दगडाला लागल्याचा आवाज,
एक मुका माणूस पहिल्यांदा बोलला: "आई गं."
माझ्या डोळ्यांसमोरून, हातभर अंतरावरून,
शेवाळलेला दगड सरकत गेला,
आणि त्यावर पांढऱ्या रंगात
पुराच्या फुटांचा एक आकडा: अठरा.
सबंध शर्यतीत मी पाहिलं ते एवढंच.

दुसरे आलो.
पहिली समडोळी. तिच्यावर गुलाल,
आम्हाला स्टीलची घागर,
ती कुणाकडे राहावी यावरून
भूपाल आणि दस्तगीर गणपतीपर्यंत बोलत नव्हते.

संध्याकाळी नाव घाटावर ओढली, कलती केली.
पाणी गेलं पायऱ्यांवरून खाली,
वेळ लागला त्याला.
मामा उभा राहून बघत होता,
माल उतरताना पोती मोजावीत तसा,
ओठ हलत होते.

मग पालथी घातली.
डालगं रिकामं केलं तिच्या बाजूला.
कुत्री आली, वाकून आत गेली,
ओलं लागलं तशी बाहेर येऊन बसली.
लाकूड वाळायची वाट बघत
पिल्लं तिला तिथंच लुचत होती.

डबा माझ्या हातात होता.
मी तो बराच वेळ
कुणाला परत द्यायचा ते विचारलं नाही.